बुडेल ते जुळेल

प्लॅस्टिकची बादली कधी एका झटक्यात, खुल्या मनानं तुटत नाही. आधी ती कानापाशी केसाएवढी चीर पाडून घेते. ही चीर महिनाभर कुणाच्या नजरेला पडत नाही. मग घरात पाहुणे आलेले असताना, गिझरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली असताना, बरोबर बाथरूमच्या उंबऱ्यावर कान आणि कडी आपल्या हातात देऊन ती खाली बसते. पाणी पुसून होतं, पाहुणे 'चालायचंच हो' म्हणतात, आणि घरात सल्लागार मंडळाची बैठक भरते.

'फेविक्विक लावा ना,' कॉलेजात जाणारे चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता सांगतात. 'त्यानं काय होतंय? अ‍ॅराल्डाइट आण. आमच्या वेळी...' हे बाबा. 'एम-सील लावून मोकळे व्हा, आमच्या टाकीला लावलंय, थेंब गळत नाही,' असा वरच्या मजल्यावरच्या काकांचा जिन्यातूनच निकाल येतो. 'अहो, नवीन आणा' हे बायकोचं मत नेहमीप्रमाणे इतिवृत्तात नोंदवलं जात नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच करत नाही. बादली पालथी घालून तिचा तळ कुणी बघत नाही.

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अर्धा तास नुसतं उभं राहिलं तरी हे समजतं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'एकदम स्ट्राँग काहीतरी द्या.' दुकानदार विचारतो, 'कशाला लावायचंय?' 'प्लॅस्टिकला.' 'कसल्या प्लॅस्टिकला?' गिऱ्हाईक क्षणभर विचारात पडतं, घरातली वस्तू डोळ्यांसमोर आणतं आणि आत्मविश्वासानं सांगतं, 'निळ्या.'

गोंदाची चौकशी करावी तर आपण करावी. एका जागी किती किलो लटकेल, पाणी लागलं तर चालेल का, किती मिनिटांत वाळेल, दोन रुपये कमी होतील का. पण ज्याला लावायचा त्याची चौकशी शून्य. टीव्हीचा रिमोट बहुतेक एबीएसचा असतो, फ्रिजच्या दारातला पारदर्शक कप्पा पॉलिस्टायरिनचा, नळाचा पाइप पीव्हीसीचा, बादली पॉलिथिलीनची नाहीतर पॉलिप्रॉपिलीनची, मांडवातली खुर्ची पॉलिप्रॉपिलीनची. कुकरची काळी मूठ म्हणजे बॅकेलाइट, लिओ बेकलंड नावाच्या बेल्जियन-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये बनवलेलं. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, वाटल्यास जळून कोळसा होईल. या सगळ्यांना आपण 'प्लॅस्टिक' या एकाच नावानं हाक मारतो आणि एकाच ट्यूबमधला थेंब सगळ्यांना पाजतो.

थेंब म्हणजे अर्थात झटपट गोंदाचा. त्याचं रासायनिक नाव सायनोअ‍ॅक्रिलेट, आणि त्याच्या जन्माची हकिगत अशी, की १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्यात हे रसायन हाती आलं. पण ते ज्याला लागे त्याला चिकटून बसे, म्हणून त्रासदायक ठरवून त्यांनी ते बाजूला ठेवलं. फार चिकटतो म्हणून नापास झालेला जगाच्या इतिहासातला हा एकच गोंद असावा. पुढे १९५१ मध्ये फ्रेड जॉयनर या त्यांच्या सहकाऱ्यानं जेट विमानांसाठीच्या संशोधनात हेच रसायन एका महागड्या उपकरणाच्या दोन काचेच्या लोलकांमध्ये घालून तपासलं. लोलक सुटेनात. उपकरण गेलं, पण त्या वेळी कूव्हर यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण इतकी वर्षं ज्याला खोड म्हणत होतो तोच याचा गुण आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला. पुढच्या वर्षी एका टीव्ही कार्यक्रमात कूव्हर यांनी त्याच्या एका थेंबावर कार्यक्रमाच्या सूत्रधाराला जमिनीपासून वर उचलून दाखवलं. २०१० मध्ये ओबामांनी त्यांच्या गळ्यात राष्ट्रीय पदक घातलं. ते पदक रिबिनीला नीट शिवलेलं होतं, असं मी धरून चालतो.

या गोंदाला घट्ट व्हायला ओल लागते. हवेतली, वस्तूवरची, अगदी नावापुरती. आता घरात कायम ओल असलेली, सदैव उपलब्ध असलेली आणि गोंदाच्या सर्वांत जवळ असलेली वस्तू कोणती? आपलं बोट. त्यामुळे बादलीचा कान बादलीला चिकटायच्या आधी अंगठा तर्जनीला चिकटतो. ही अवस्था आली की माणूस पहिल्यांदा 'काही नाही, काही नाही' असं म्हणतो आणि हात पाठीमागे लपवतो. ओढाताण केली तर कातडी निघते. कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून हळूहळू एकमेकांवर फिरवत सोडवायची, किंवा नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन लावायचं. पण ते मागायचं म्हणजे काय झालं ते सांगावं लागतं, म्हणून बरेच कर्ते पुरुष तासभर चिमूट धरल्याच्या मुद्रेत घरात वावरतात.

दुसरं असं, की याचा थर जितका पातळ तितका सांधा बळकट. एक थेंब पुरतो. पण एका थेंबावर समाधान मानायची आपल्याला सवय नाही. नळी पिळायची ती पुरती पिळायची. मग तो जाड थर आतून ओला राहतो, बाजूला पांढरी बुरशीसारखी धूळ धरतो, आणि उरलेली नळी टाचणी खोचून ठेवली जाते. ती टाचणी पुढच्या वेळी निघत नाही. आमच्या घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अशा टाचणीसकट समाधिस्थ झालेल्या नळ्या आहेत. त्या टाकायच्या नसतात, कारण 'आत थोडा असेल'.

आता या गोंदाची मला सर्वांत आवडणारी गंमत सांगतो. हा इतका सगळ्याला चिकटणारा, तर मग आपल्या बाटलीलाच का चिकटत नाही? एक कारण, बाटलीत ओल नसते. दुसरं कारण जास्त मजेदार आहे: बाटली मुद्दाम पॉलिथिलीनची केलेली असते, कारण पॉलिथिलीनला तो धड चिकटतच नाही. आणि आपण त्याच बाटलीतून काढून तो त्याच पॉलिथिलीनच्या बादलीला लावतो आणि वर गोंदाला नावं ठेवतो! बिचाऱ्यानं आपल्या अंगरख्यावरच लिहून दिलंय की या जातीशी माझं जमत नाही. पण पाठीमागचा मजकूर वाचायला चष्मा लागतो आणि चष्म्याची काडी तुटलेली असते, तिच्यासाठीच तर नळी आणलेली.

न जमण्याचं कारण असं. पॉलिथिलीन हे रसायनाच्या हिशेबानं मेणबत्तीच्या मेणाचंच थोरलं भावंड. दोघांचीही अणूंची साखळी एकाच पद्धतीची, फक्त प्लॅस्टिकची फार लांब. पॉलिप्रॉपिलीन त्याच घराण्यातलं. यांच्यावर पाणी पसरत नाही, मणी होऊन बसतं. तसाच गोंदही पसरत नाही आणि पसरला नाही तर धरणार कुठे? वाळल्यावर त्याची खपली नखानं अख्खी निघते, आणि तिच्यावर बादलीच्या चिरेचा हुबेहूब ठसा असतो. गोंदाच्या दुकानदारालाच काय, छापखानेवाल्यालाही या घराण्याचा त्रास आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीवर 'अमुक साडी सेंटर' छापायचं, तर आधी त्या पॉलिथिलीनवर विजेचा मारा करून ते जरा खरवडल्यासारखं करावं लागतं, नाहीतर शाई पिशवीवर न राहता गिऱ्हाइकाच्या हाताला येईल. याच बाबतीत टेफ्लॉन सगळ्यांच्या वर. कोरड्या टेफ्लॉनवर पालीचासुद्धा पाय ठरत नाही. शास्त्रज्ञांनी खरोखरच पाली चढवून पाहिल्या आहेत. आमच्या स्वयंपाकघरातली पाल नॉनस्टिक तव्याच्या वाटेला न जाता फक्त भिंतीवर फिरते, ती का, हे मला तेव्हा कळलं.

तर तळ बघायचा. तिथं तीन बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं भंगार वेगळं करायला सोयीचं म्हणून हा क्रम लावला. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन: गोंदाची ट्यूब परत डब्यात ठेवा. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन: आशेला जागा आहे. ७ म्हणजे 'इतर', आणि कुठल्याही सरकारी अर्जातल्या 'इतर'इतकाच त्याचा उपयोग. शिवाय आठवडी बाजारातल्या बादलीच्या तळाशी आकडा नसतोच, नुसतं 'सुपर' किंवा 'डिलक्स' असं कोरलेलं असतं.

आकडा नसेल तेव्हाची युक्ती मला बोहरी आळीतल्याच एका म्हाताऱ्या दुकानदारानं शिकवली. तुटलेल्याचा एक कपचा पाण्यात टाकायचा. 'बुडेल ते जुळेल,' तो म्हणाला, 'तरंगेल ते भंगारात.' रसायनशास्त्राचं अख्खं प्रकरण त्यानं सहा शब्दांत आणि दोन सुपाऱ्यांच्या मधल्या वेळात उरकलं. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, पॉलिथिलीनची फार तर ०.९७, म्हणून दोन्ही तरंगतात. पॉलिस्टायरिन आणि एबीएस १.०५ च्या आगेमागे, पीव्हीसी त्याहून बरंच जड, म्हणून ती बुडतात. बुडणाऱ्यांना गोंद लागतो. ज्यांच्याकडे तुकोबांची गाथा तरली अशा लोकांना हे पचायला जड जातं. तरलेल्याला भंगार म्हणायचं म्हणजे काय! पण प्लॅस्टिकचा परमार्थ उलटा आहे. (थर्मोकोल तरंगतं, पण ती लबाडी आहे. ते पॉलिस्टायरिनच, फक्त पोटात सगळी हवा.)

बुडणाऱ्यांतही पुन्हा एक खानदानी पद्धत आहे, तिच्यात गोंद लागतच नाही. पीव्हीसीचा पाइप जोडताना प्लंबर जे 'सोल्यूशन' लावतो, ते दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक थोडं विरघळवतं. दोन्हीकडचं मऊ झालेलं अंग एकमेकांत मिसळतं, द्रावक उडून जातं आणि सांधा उरतच नाही, एकच पाइप होतो. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या आणि देवघरं करणारे क्लोरोफॉर्मची सुई फिरवून हेच करतात. लग्नाच्या बाबतीत आपले आजोबा जे नियम सांगत, ते इथं बरोबर उलटे: सगोत्र असेल तरच टिकतं. पीव्हीसीचं पीव्हीसीशी जमतं, अ‍ॅक्रिलिकचं अ‍ॅक्रिलिकशी. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीला साध्या पाइपचं सोल्यूशन चालत नाही, इतकं हे घराणं सोवळं. आणि द्रावक चुकलं तर काय होतं, ते पूर्वी गणपतीच्या आधीच्या रात्री प्रत्येक गल्लीत दिसायचं. कुणीतरी उत्साही कार्यकर्ता सायकलच्या पंक्चरचं रबर सोल्यूशन घेऊन थर्मोकोलच्या मखराला खांब चिकटवायचा. खांब उभा राहायचा, मग हळूहळू गुडघ्यात वाकायचा, आणि सकाळी महिरपीच्या जागी एक सुरकुतलेला खड्डा. २०१८ पासून महाराष्ट्रात मखराच्या थर्मोकोलवर बंदी आली आणि रसायनशास्त्राचं हे सार्वजनिक प्रात्यक्षिक बंद पडलं.

फेविकोलचा इथं काही संबंध नाही, तरी दर वेळी कुणीतरी त्याचं नाव काढतंच. १९५९ पासून या देशातलं फर्निचर त्यानं धरून ठेवलंय, म्हणून सगळंच धरेल अशी श्रद्धा. पण तो पाण्यातला गोंद. लाकूड पाणी पिऊन टाकतं, म्हणून तो तिथं घट्ट होतो. दोन प्लॅस्टिकच्या मध्ये ते पाणी जाणार कुठे? चार दिवसांनी उघडून बघावं तर आत तो जसाच्या तसा, ताजातवाना.

अ‍ॅराल्डाइट म्हणजे इपॉक्सी हा बाबांच्या पिढीचा गोंद. १९८० च्या दशकात लंडनमध्ये त्याच्या जाहिरातीच्या फलकावर खरीखुरी फोर्ड कॉर्टिना गाडी चिकटवून दाखवली होती. आमच्या घरी तो विधी गाडी चिकटवण्याइतक्याच गांभीर्यानं होतो. रविवार लागतो. चांगल्या जाड पुठ्ठ्याची जुनी लग्नपत्रिका लागते. तिच्या गुळगुळीत बाजूवर, 'आपली उपस्थिती हाच आहेर'च्या खाली, बाबा दोन्ही ट्यूबमधून बरोबर सारख्या लांबीच्या दोन अळ्या काढतात, चष्मा कपाळावर घेऊन त्यांची लांबी तपासतात, आणि गूल काढलेल्या काडेपेटीच्या काडीनं ढवळतात. रंग एकजीव झाला पाहिजे. तोवर घरात पंखा बंद. 'टोपणं,' ते मध्येच ओरडतात, 'टोपणांना कुणी हात लावायचा नाही!' कारण रेझिनचं टोपण हार्डनरला आणि हार्डनरचं रेझिनला गेलं, की दोन्ही ट्यूब तोंडाशीच घट्ट होऊन बसतात आणि जगातली कुठलीही पक्कड त्यांना उघडू शकत नाही. त्या घरात चिकटलेली सर्वांत मजबूत वस्तू म्हणजे मग तेच टोपण.

इपॉक्सी कुकरच्या मुठीच्या बाहेरच्या कपच्याला, एबीएसला, पीव्हीसीला चांगला धरतो. मात्र दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं खरवडून, तेलाचा हात पुसून मग लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. हे 'रात्रभर ठेवायचा' मराठी कुटुंबव्यवस्थेला पेलत नाही. दर तासानं कुणीतरी येतं, 'चिकटलं का?' म्हणतं आणि वाकवून बघतं. आई भाजी टाकून येते, वाकवून बघते. मुलगा पाणी प्यायला उठतो, वाकवून बघतो. काका तर खास वाकवून बघायला खाली उतरतात. सांध्याची सगळी ताकद वाळण्याआधीच तपासून संपलेली असते.

आता एक झालेलं काम सांगतो. फ्रिजच्या दारातला बाटल्यांचा कप्पा. हा सगळ्यांकडे तुटतो, आणि एकाच जागी तुटतो: उजवीकडचा कोपरा, दोन लिटरच्या बाटलीखाली. कंपनीचा कप्पा मागवायला गेलं तर 'तो मॉडेल बंद झाला' हे उत्तर तयार असतं. आम्ही त्याचा कपचा वाटीतल्या पाण्यात टाकला. सरळ तळाला गेला. म्हणजे पॉलिस्टायरिन. तडा स्पिरिटनं पुसला, दोन्ही तुकडे एकमेकांत नीट बसतात ना पाहिलं, एकच थेंब तड्याच्या टोकाला ठेवला. तो आपणहून चिरेतून आत शिरला, आणि पांढरी रेघ बघता बघता पारदर्शक होत पलीकडे गेली. आतल्या कोपऱ्यात चिमूटभर खायचा सोडा भरून त्यावर पुन्हा थेंब सोडला. सोड्यानं हा गोंद क्षणात दगड होतो आणि रिकामी जागा भरून निघते. त्या वेळी कप्पा हातात धरू नये, चांगला तापतो, आणि वाफ डोळ्यांत जाते. कोपरा उभा राहिला. फक्त आईनं ढोकळ्याला सोडा मागितला तेव्हा डबी माझ्या हत्यारांत सापडली, यावरून दोन दिवस बोलणी झाली.

तरंगणाऱ्यांसाठी औषध नाही असं नाही. आधी लावायचा प्रायमर मिळतो, खास पॉलिप्रॉपिलीनसाठीचे दोन घटकांचे गोंदही कारखान्यांत वापरतात, पण त्यांच्या एका नळीच्या पैशांत बादल्यांचा अख्खा सेट येईल. त्यापेक्षा जुनं ते बरं: डागणं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, आणि त्याच जातीची पट्टी त्यात वितळवून भरली तर सांधा मूळ बादलीइतका होतो. पूर्वी गल्लीतून बादल्या, टब डागून देणारा माणूस तापली सळई घेऊन फिरायचा. आता ते काम बाबांकडे आलंय. त्यांनी रेडिओ दुरुस्तीच्या काळातली कावीळ झालेल्या पितळी टोकाचं सोल्डरिंग आयर्न माळ्यावरून काढलं, एका फुटक्या लाल मगाच्या पट्ट्या कापल्या, आणि खिडक्या उघडून बाल्कनीत बैठक मारली. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग तारेचे टाके. मग टाक्यांवरून लाल पट्टी दाबत, हळूहळू, धूर येऊ न देता. निळ्या बादलीच्या कानाखाली लाल व्रण उमटला. कडी घालून त्यांनी बादली भरली, उचलली, उंबरा ओलांडून दाखवली.

मेणबत्तीसारखा वास एव्हाना जिन्यात गेला होता. वरच्या काकू खाली आल्या. 'काय जळतंय?' त्यांनी विचारलं. बादली पाहिली. वाकवून बघितली. 'थांबा हं भाऊजी,' म्हणून गेल्या आणि एक टब, दोन मग आणि मिक्सरच्या भांड्याचं तडा गेलेलं झाकण घेऊन आल्या. बाबांनी एकेक कपचा काढून बादलीत टाकला. टबाचा तरंगला. दोन्ही मगांचे तरंगले. झाकणाचा सरळ तळाला गेला.

'हे माझ्याकडे नाही,' बाबा झाकण परत देत म्हणाले. 'यासाठी नातवाला भेटा. संध्याकाळी पाचनंतर असतो.'